अश्लील चित्रणाचे व्यसन

अश्लील चित्रणाचे व्यसन म्हणजे कामोत्तेजक चित्रे, चित्रफिती किंवा मजकूर पाहण्या-वाचण्यावरचा ताबा सुटणे आणि त्यामुळे अभ्यास, नोकरी, झोप, वैवाहिक संबंध किंवा मनःस्वास्थ्य यांची हानी होत असतानाही ते थांबवता न येणे, अशी अवस्था होय. बोलीभाषेत यास ‘पॉर्नचे व्यसन’ असे म्हणतात. या नावाचा स्वतंत्र आजार वैद्यकशास्त्राने अद्याप मान्य केलेला नाही. मात्र जागतिक आरोग्य संघटनेने अनिवार लैंगिक वर्तनाचा विकार मान्य केला असून अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या अनेकांचे निदान त्याखाली होऊ शकते. या अवस्थेवर उपचार उपलब्ध आहेत. ते न घेण्यामागे लज्जा हे एक मोठे कारण असते. पुणे जिल्ह्यात व्यसनमुक्तीच्या कामाला सुमारे चार दशकांची परंपरा आहे. प्रस्तुत लेखात या विषयाच्या सामान्य माहितीबरोबर ती परंपरा आणि जिल्ह्यातील मुळशी तालुक्याची परिस्थिती यांचाही विचार केला आहे.

शब्द व अर्थ

‘अश्लील’ हा शब्द संस्कृत असून ज्यात श्री, म्हणजे शोभा नाही ते अश्लील, अशी त्याची उपपत्ती सांगितली जाते. मम्मटाने काव्यप्रकाशात अश्लीलता हा काव्यदोष मानून त्याचे लज्जा उत्पन्न करणारा, किळस उत्पन्न करणारा आणि अमंगल सुचवणारा असे तीन प्रकार केले आहेत. म्हणजे मुळात हा शब्द केवळ कामविषयक नव्हता. ‘व्यसन’ या शब्दाचा जुना अर्थ संकट किंवा अधःपात असाही आहे. मनुस्मृतीत कामातून उद्भवणाऱ्या दहा आणि क्रोधातून उद्भवणाऱ्या आठ व्यसनांची यादी आहे. तीत मद्यपानाबरोबर शिकार, द्यूत, दिवसा झोपणे आणि निरर्थक भटकणे यांचाही समावेश आहे. पदार्थाचे सेवन न करताही माणूस व्यसनी होऊ शकतो, ही कल्पना त्यामुळे आपल्याकडे नवी म्हणता येत नाही. आधुनिक मानसशास्त्रात अशा व्यसनांना वर्तनात्मक व्यसने म्हणतात.

वैद्यकीय वर्गीकरण

अमेरिकन मानसोपचार संघटनेने 2013 साली आपल्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती प्रसिद्ध केली, तेव्हा अतिलैंगिकतेचा विकार त्यात समाविष्ट करण्याचा प्रस्ताव नाकारण्यात आला. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘अनिवार लैंगिक वर्तन विकार’ ही नोंद केली. ही आवृत्ती 2019 साली स्वीकारण्यात आली व 1 जानेवारी 2022 पासून अमलात आली. या वर्गीकरणात जुगार आणि डिजिटल खेळ यांच्या विकारांना व्यसनांच्या गटात स्थान आहे. अनिवार लैंगिक वर्तन मात्र आवेग-नियंत्रणाच्या विकारांत ठेवलेले आहे. ते व्यसनच मानावे की नाही, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही. 2014 साली केंब्रिज येथील संशोधकांनी अशा व्यक्तींच्या मेंदूची प्रतिमाचित्रे अभ्यासली. लैंगिक दृश्ये पाहताना त्यांच्या मेंदूचे जे भाग उद्दीपित झाले, ते अमली पदार्थांच्या व्यसनींतही उद्दीपित होणारेच होते. इतर संशोधकांना मात्र वेगळे निष्कर्ष मिळाले आहेत.

निदानासाठी तीव्र लैंगिक आवेग आवरता न येणे, हे दीर्घकाळ, साधारणपणे सहा महिने किंवा अधिक चालू असणे आणि त्यामुळे लक्षणीय मानसिक त्रास किंवा जीवनव्यवहाराची हानी होणे आवश्यक मानले जाते. या व्याख्येतील एक वाक्य विशेष महत्त्वाचे आहे. त्रास केवळ ‘हे पाप आहे’ अशा नैतिक निवाड्यातून होत असेल, तर तेवढ्यावरून हे निदान करता येत नाही. किती वेळा किंवा किती वेळ पाहिले, हाही एकमेव निकष नाही. आठवड्यातून एकदा पाहून स्वतःला व्यसनी समजणारा तरुण आणि रोज रात्री तीन वाजेपर्यंत जागून सकाळची परीक्षा चुकवणारा तरुण, या दोघांचे प्रश्न वेगळे असतात व त्यांना मिळणारी मदतही वेगळी असावी लागते.

42 देशांतील 82 हजारांहून अधिक प्रौढांच्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत सुमारे 3.2 टक्के व्यक्ती समस्याजनक वापराच्या जोखमीच्या गटात आढळल्या. त्यांपैकी उपचार घेतलेल्यांचे प्रमाण 10 टक्क्यांहून अधिक नव्हते.

व्यसन कसे जडते

बहुतेकांची सुरुवात कुतूहलापासून होते. पुढे काही जणांच्या बाबतीत त्या चित्रणाचे काम बदलते. कंटाळा, एकटेपणा, अपयश, भांडण किंवा झोप न येणे, यांपैकी काहीही झाले की मन त्याच एका उपायाकडे धाव घेते. तात्पुरती सुटका मिळते, नंतर पश्चात्ताप होतो, पश्चात्तापाने मन आणखी खिन्न होते आणि त्या खिन्नतेवर उतारा म्हणून पुन्हा तेच केले जाते. उपचारक या चक्राची रुग्णाला सर्वप्रथम ओळख करून देतात, कारण चक्र दिसू लागले की ते कोठे तोडायचे हे ठरवता येते.

पूर्वी पिवळ्या वेष्टनातील पुस्तके किंवा भाड्याने आणलेली ‘ब्लू फिल्म’ची कॅसेट मिळवण्यासाठी कोणाच्या तरी नजरेसमोर जावे लागे. तो संकोच हाच एक बांध होता. मोबाइलने तो बांध काढून टाकला. 2016 सालच्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाल्यानंतर इंटरनेट अत्यंत स्वस्त झाले आणि खेड्यापाड्यांतील तरुणांच्या हाती ते प्रथमच मुबलक आले. करोनाकाळात शाळा ऑनलाइन झाल्यावर अनेक घरांत मुलांच्या हाती मोबाइल देणे अपरिहार्य ठरले. सहज उपलब्धता, अल्प खर्च आणि गुप्तता ही तिन्ही एकत्र आली की आवेग आणि कृती यांमधले अंतर नाहीसे होते. उपचारात पुढे जे व्यावहारिक उपाय सांगितले जातात, त्यांतील बरेचसे हे अंतर पुन्हा निर्माण करण्यासाठी असतात.

अपराधभाव आणि लज्जा

या विषयात महाराष्ट्रीय समाजाची खरी अडचण येथे आहे. धार्मिक किंवा नैतिक दृष्ट्या हे वर्तन निषिद्ध मानणारी व्यक्ती प्रत्यक्ष वापर कमी असतानाही स्वतःला व्यसनी समजण्याची शक्यता अधिक असते, असे संशोधनात वारंवार आढळले आहे. यास नैतिक विसंगती असे म्हटले जाते. भारतात त्यात आणखी एका जुन्या भीतीची भर पडते. वीर्यनाशाने शक्ती, स्मरण आणि तेज नष्ट होते, या समजुतीमुळे अशक्तपणा व चिंता यांनी ग्रासलेल्या तरुणांच्या लक्षणसमूहाला मानसोपचारतज्ज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी 1960 साली ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. हस्तमैथुनामुळे शारीरिक दौर्बल्य येते, या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. तरीही बसस्थानके व रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर गुप्तरोग बरे करण्याच्या जाहिराती अद्याप दिसतात. त्यांनी घाबरलेला तरुण मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याआधी बहुधा वैदूकडे जातो आणि तेथे पैसे घालवतो.

या भीतीविरुद्ध मराठीत फार पूर्वी लेखन झाले आहे. रघुनाथ धोंडो कर्वे (1882–1953) यांनी 1927 च्या जुलैपासून मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. त्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना ते स्पष्ट उत्तरे देत असत. या प्रश्नोत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि 1934 साली त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी न्यायालयात मांडली. खटल्याचा निकाल कर्व्यांच्या विरुद्ध गेला. शंकेचे शास्त्रीय उत्तर आणि अश्लील मजकूर यांत भेद करण्याची तयारी त्या काळी नव्हती. आजही ती पुरेशी आहे असे म्हणवत नाही. 2007 साली महाराष्ट्रात शालेय लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम विरोधामुळे थांबवावा लागला, तेव्हा मुलांना ती माहिती मिळण्याचे इतर मार्ग मात्र बंद झाले नव्हते. विठ्ठल प्रभू यांचे ‘निरामय कामजीवन’ यासारख्या पुस्तकांनी प्रौढ मराठी वाचकांची मोठी गरज भागवली.

अपराधभाव आणि लज्जा यांत उपचारक भेद करतात. ‘माझ्या हातून चूक झाली’ हा अपराधभाव असून तो बदलाला उपयोगी पडू शकतो. ‘मीच वाईट आहे’ ही लज्जा असून ती माणसाला लपायला लावते. लपणे हेच या व्यसनाचे खाद्य असल्यामुळे धाक दाखवून, शपथा घालून किंवा घरात अपमान करून दिलेला उपदेश बहुधा उलटा परिणाम करतो.

उपचार

उपचाराची सुरुवात मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ यांच्याकडून तपासणी करून घेण्याने होते. नैराश्य, चिंताविकार, अवधान-न्यूनता, मद्यपान किंवा वैवाहिक बेबनाव यांपैकी काही सोबत असेल, तर त्यावरही उपचार करावा लागतो. कित्येकदा मूळ दुखणे तेच असते.

बोधात्मक वर्तनोपचारात रुग्ण आवेग केव्हा, कोठे आणि कोणत्या मनःस्थितीत येतो याची नोंद ठेवतो. रात्री मोबाइल झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवणे, संगणक घरातील वावराच्या जागी आणणे, रोधक सॉफ्टवेअर घालून त्याचा पासवर्ड विश्वासू व्यक्तीकडे देणे, रिकाम्या वेळेसाठी आधीच काम ठरवून ठेवणे, हे उपाय या नोंदीतून निघतात. रोधक सॉफ्टवेअर एकट्याने पुरत नाही. निश्चयी माणसाला ते ओलांडता येते, परंतु तेवढ्या विलंबातही आवेग ओसरू शकतो. स्वीकार व बांधिलकी उपचारपद्धतीत आवेगाशी झुंजण्याऐवजी तो येतो व जातो हे पाहण्याचा सराव करून घेतला जातो. ही पद्धत या प्रश्नावर उपयुक्त ठरल्याचे अमेरिकेतील छोट्या चाचण्यांत दिसले आहे.

महाराष्ट्रात अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचा प्रसार प्रामुख्याने कि. मो. फडके यांनी केला. ‘माझ्या मनात असा विचार येताच कामा नये’ आणि ‘मी पुन्हा घसरलो म्हणजे मी कुचकामी आहे’, अशा हटवादी वाक्यांची तपासणी हा या पद्धतीचा गाभा आहे. वर सांगितलेल्या लज्जेवर ती नेमके बोट ठेवते, म्हणून या विषयात तिचा उल्लेख आवश्यक वाटतो.

या विकारासाठी खास मान्यता मिळालेले औषध नाही. सोबतच्या नैराश्यासाठी किंवा अतितीव्र आवेगासाठी डॉक्टर काही औषधे देतात. ती स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

घसरण झाली म्हणजे उपचार फसला, असा समज सर्वत्र आढळतो. किती दिवस पाहिले नाही याचा आकडा मोजणाऱ्यांना तो विशेष जाचतो. नव्वदाव्या दिवशी घसरलेला माणूस आपण पुन्हा शून्यावर आलो असे मानून आठवडाभर स्वतःला सोडून देतो. प्रत्यक्षात एकोणनव्वद दिवसांत शिकलेले कोठेही जात नाही. घसरण आणि पुनर्पतन यांत उपचारक फरक करतात, तो यासाठीच.

आधारगट

1935 साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेची बारा पायऱ्यांची पद्धत पुढे लैंगिक वर्तनासाठीही स्वीकारली गेली. त्यासाठीच्या स्वतंत्र संघटना 1970 च्या दशकात अमेरिकेत निघाल्या. या गटांत आडनाव सांगावे लागत नाही, शुल्क नसते आणि ऐकलेले बाहेर न नेण्याचा दंडक असतो. ईश्वरविषयक भाषा काहींना अडचणीची वाटते. त्यांच्यासाठी समुपदेशकांनी चालवलेले गट अधिक सोयीचे ठरतात. गटाचा मुख्य लाभ साधा आहे. जे आजवर एकट्यालाच ठाऊक होते ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर स्वतःविषयीची घृणा कमी होते.

पुण्यातील व्यसनमुक्तीची परंपरा

डॉ. अनिता (सुनंदा) अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या प्रोत्साहनाने व आर्थिक साहाय्याने 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची स्थापना केली. गर्दच्या व्यसनावर अनिल अवचटांनी केलेले लेखन त्यास निमित्त झाले होते. प्रारंभी हे केंद्र येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात होते, नंतर येरवड्यातच त्याची स्वतंत्र वास्तू झाली. मुक्तांगणचे मुख्य काम दारू व अमली पदार्थ यांबाबत आहे. परंतु त्याने घालून दिलेल्या काही रीती इतर व्यसनांनाही लागू पडतात. व्यसनीला गुन्हेगार न समजता आजारी माणूस समजणे, व्यसनमुक्त झालेल्यांनाच कार्यकर्ते म्हणून सामावून घेणे, घरी परतल्यावर दीर्घकाळ पाठपुरावा ठेवणे, या त्यांतील प्रमुख होत. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालवला जातो. अलीकडे मोबाइल व इंटरनेटच्या अतिवापराच्या तक्रारी घेऊनही लोक व्यसनमुक्ती केंद्रांकडे येऊ लागले आहेत. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्थाही मराठीतून मानसिक आरोग्याचे काम करते. तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत 2014 पासून ‘शट क्लिनिक’ हा विशेष बाह्यरुग्ण विभाग चालतो.

मुळशी तालुका

पौड हे मुख्यालय असलेल्या मुळशी तालुक्यात दोन भिन्न जगे शेजारी नांदतात. पूर्वेकडे हिंजवडी व माण परिसरातील राजीव गांधी इन्फोटेक पार्क आहे. तेथे देशाच्या सर्व भागांतून आलेले तरुण घरापासून दूर, भाड्याच्या खोल्यांत किंवा पेइंग गेस्ट म्हणून राहतात. पश्चिमेकडे मुळशी धरणापासून ताम्हिणीपर्यंत डोंगराळ, विरळ वस्तीची गावे आहेत.

हिंजवडीतील तरुणाला पुण्या-पिंपरीतील तज्ज्ञ जवळ असतात. त्याच्यापुढे अडचण वेळेची आणि एकटेपणाची असते. रात्रपाळी, दिवसभर पडद्यासमोर बसण्याचे काम आणि ओळखीचे कोणी नसलेली खोली, ही परिस्थिती वर वर्णन केलेल्या चक्राला पोषक आहे. अनेक मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी गोपनीय समुपदेशनाची सोय ठेवतात. मात्र आपले नाव वरिष्ठांपर्यंत जाईल या धास्तीने तिचा वापर टाळणारेही असतात. धरणपट्ट्यातील तरुणाला अडचण अंतराची आहे. येरवड्याला किंवा ससून रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जायचे तर दिवस मोडतो आणि घरी कारण सांगावे लागते. गावातील दवाखान्यात जावे तर डॉक्टरांपासून शेजारच्या बाकावरील माणसापर्यंत सगळे ओळखीचे. अशा ठिकाणी दूरध्वनीवरील सल्ला हाच पहिला टप्पा ठरू शकतो.

कुटुंबाची भूमिका

पतीचे हे वर्तन उघडकीस आल्यावर पत्नीला फसवणूक झाल्याची भावना होते व बहुधा ती स्वतःत उणीव शोधू लागते. तिच्या दुःखाची स्वतंत्र दखल घेतली जाणे आवश्यक असते. पतीला सुधारण्याची किंवा त्याच्या मोबाइलवर पहारा ठेवण्याची जबाबदारी तिच्यावर टाकणे अन्यायाचे आहे, आणि तसा पहारा फार काळ टिकतही नाही. स्त्रियांनाही हे व्यसन जडते. त्यांची लज्जा दुहेरी असल्यामुळे त्या मदतीसाठी फारच क्वचित पुढे येतात.

मूल असे काही पाहताना आढळल्यास मारहाण करू नये व चारचौघांत वाच्यता करू नये. ते त्याने स्वतः शोधले की कोणी दाखवले, हे शांतपणे विचारणे प्रथम आवश्यक असते, कारण मोठ्या व्यक्तीने दाखवले असेल तर ते लैंगिक शोषण ठरते. चित्रफितीत दिसते ते अभिनीत असते, त्यात संमती, जिव्हाळा आणि जबाबदारी यांचे दर्शन नसते, हे मुलाला वयानुसार सांगता येते.

कायदा

प्रौढ व्यक्तीने खाजगीत अश्लील चित्रण केवळ पाहणे हा भारतात स्वतंत्र गुन्हा नाही. त्याचे इलेक्ट्रॉनिक माध्यमातून प्रकाशन किंवा प्रसारण करणे माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 67 व 67 अ नुसार दंडनीय आहे. व्हॉट्सॲप गटावर चित्रफीत पुढे पाठवणेही त्यात येते. बालकांच्या लैंगिक शोषणाचे चित्रण शोधणे, पाहणे, डाउनलोड करणे किंवा पुढे पाठवणे हा कलम 67 ब नुसार गंभीर गुन्हा आहे, तर ते बाळगण्याविषयी पॉक्सो कायद्यातही तरतुदी आहेत. त्यांचा व्यापक अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2024 रोजीच्या निकालात स्पष्ट केला. अशा चित्रणाकडे आपण ओढले जात आहोत असे जाणवणाऱ्याने विलंब न लावता मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्यावी.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 नुसार रुग्णाला उपचारांविषयी गोपनीयतेचा हक्क आहे. डॉक्टर किंवा समुपदेशक ही माहिती रुग्णाच्या संमतीविना नातेवाइकांना, मालकाला किंवा महाविद्यालयाला सहसा देऊ शकत नाहीत. जिवाला धोका असणे किंवा न्यायालयाचा आदेश असणे, असे मोजके अपवाद कायद्यात आहेत.

मदत

केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्य सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. 14416 या क्रमांकावर ती दिवसरात्र व विनामूल्य असून मराठीतून बोलता येते. संकटातील बालकांसाठी 1098 हा क्रमांक आहे. व्हिडिओ कॉलद्वारे अश्लील चित्रफीत तयार करून पैशांसाठी धमकावले जात असल्यास पैसे न देता, संभाषणाचे पुरावे न पुसता 1930 या सायबर गुन्हे क्रमांकावर तक्रार करावी. बदनामीच्या भीतीने आत्महत्येचा विचार मनात येत असेल तर टेलिमानसला त्याच क्षणी दूरध्वनी करावा किंवा जवळच्या रुग्णालयात जावे. पहिल्या दूरध्वनीत सारी हकीकत सांगण्याची आवश्यकता नसते. ‘मोबाइलवर काही पाहण्याची सवय सुटत नाही’ एवढे सांगितले तरी समुपदेशक पुढील प्रश्न स्वतः विचारतात.